‘नागीण’ आणि ‘हर्पीस’ : शब्द व संसर्ग

वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याकडे, ‘नागीण’ म्हणतात ती हर्पीस झोस्टर होय. ओठांवरील फोड हर्पीस सिम्प्लेक्स या निराळ्या विषाणूमुळे येतात. ग्रीक ‘हेर्पेइन्’ व संस्कृत ‘सृप्’ हे ‘सरपटणे’ या अर्थाचे सजातीय धातू आहेत. तथापि नावावरून रोग वस्तूंतून सरपटतो असे मानणे युक्त नव्हे. सिम्प्लेक्स मुख्यत्वे प्रत्यक्ष त्वचास्पर्शाने पसरतो. टॉवेल वा वस्तरा यांतून संसर्ग क्वचितच संभवतो. फोड ओले असता मात्र या वस्तू स्वतंत्र ठेवणे इष्ट. नागिणीच्या फोडांतील द्रवामुळे, पूर्वी कांजिण्या न झालेल्यास, कांजिण्या होऊ शकतात. नागिणीचा विळखा पूर्ण झाल्यास रोगी दगावतो, ही समजूत निराधार आहे. औषधोपचार ७२ तासांच्या आत सुरू होणे हितावह; त्या समजुतीपायी मांत्रिकाकडे गेलेला वेळच खरा घातक.