पेशींचं वेळापत्रक

कोपर-डोंबिवलीच्या माणसाला वेळापत्रकाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पेशींनाही असंच वेळापत्रक असतं, हे कळलं ते जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीमुळे. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हे त्याचं लांबलचक नाव. पोटातल्या जंतांशी त्याची गल्लत करू नका. हा कुजक्या फळांवरचे जिवाणू खाऊन जगतो.

त्याचं शरीर पारदर्शक, त्यामुळे पेशीची प्रत्येक विभागणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ पर्यंत ही सगळी वंशावळ लिहून काढली. प्रौढ उभयलिंगी कृमीत शरीरपेशी ९५९, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट याच चेतापेशींमधली वाहतूक अभ्यासतो.

सगळ्या पेशींत जनुकं तीच. मग एक त्वचेची आणि दुसरी स्नायूची कशी होते? कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, यावर ते ठरतं. ती कधी बंद होतात, यावरही.

‘लिन-४’ हे जनुक बिघडलं, की कृमीच्या पेशी अळीच्या पहिल्याच अवस्थेतल्या विभागण्या पुन्हा पुन्हा करत बसतात. कृमीचं वय वाढतं, पण अंडी बाहेर पडायचा मार्गच तयार होत नाही. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रॉस यांच्या गटाला दिसलं, की हे जनुक प्रथिन बनवतच नाही. बनवतं तो फक्त २२ अक्षरी आरएनएचा तुकडा. तो ‘लिन-१४’ या जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि त्याचं प्रथिन बनणं थांबवतो, हे गॅरी रव्हकन यांच्या कामातून स्पष्ट झालं. ते प्रथिन ओसरलं, की पेशी पुढच्या टप्प्यावर जातात. दोघांना नोबेल मिळालं ते २०२४ मध्ये! सुरुवातीला ही एका किड्याचीच तऱ्हा वाटली होती, त्याला काय करणार?

चित्र पालटलं २००० मध्ये. रव्हकन यांच्या प्रयोगशाळेत ‘लेट-७’ हे तशाच प्रकारचं दुसरं जनुक सापडलं, आणि ते माणसातही निघालं. ते नसेल तर कृमीच्या त्वचेतल्या काही पेशी प्रौढपणीही थांबत नाहीत, विभागतच राहतात. कर्करोगाच्या डॉक्टरांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अनेक गाठींत ‘लेट-७’ कमी आढळतं, आणि ते ज्यांना आवर घालतं त्यांत ‘रास’ हे कुप्रसिद्ध कर्कजनुक आहे. मग तेच औषध म्हणून का देऊ नये? अडचण अशी, की असा एक तुकडा अनेक जनुकांवर ताबा ठेवतो आणि त्याला नेमक्या पेशींपर्यंत पोहोचवणं अजून अवघड आहे.