विश्लेषण : आयर्लंडने परदेशस्थांना थेट गावात बोलावले, वऱ्हाडात हे शक्य आहे का?

दिवाळी जवळ आली की बडनेरा स्थानकावर पुणे-मुंबईच्या गाड्यांतून बॅगा घेतलेली माणसे उतरू लागतात. चार दिवस घरी राहून तीच गर्दी परत फिरते. परदेशात असलेली मुले तर तीन-चार वर्षांतून एकदा येतात. याच लोकांना गावाच्या उत्सवाचे रीतसर आमंत्रण दिले तर? आयर्लंडने 2013 मध्ये नेमके हेच केले.

काय होते 'द गॅदरिंग'?

मंदीने बेजार झालेल्या आयर्लंडची लोकसंख्या तेव्हा 46 लाखांच्या घरात होती, पण आयरिश वंशाचे सुमारे 7 कोटी लोक जगभर असल्याचे तिथे सांगितले जाते. सरकारने एकच मोठा सोहळा भरवला नाही. गावे, शाळा, क्लब, एकाच आडनावाची घराणी यांना सांगितले, तुमचा मेळावा तुम्हीच ठरवा आणि आपल्या माणसांना पत्र पाठवा. छोट्या कार्यक्रमांना स्थानिक पातळीवर थोडे अनुदान मिळाले. वर्षभरात 5 हजारांच्या आसपास मेळावे झाले आणि अडीच लाखांहून अधिक जादा पर्यटक आल्याचा अधिकृत अंदाज निघाला. टीकाही झाली. हा परदेशस्थांकडून पैसे उकळण्याचा प्रकार आहे, असे अभिनेता गॅब्रिएल बायर्न याने आधीच सुनावले होते. त्यात तथ्य होतेच, कारण वर्षानुवर्षे विचारपूस नाही आणि एकदम आमंत्रण, हे कुणालाही खटकणार.

आपल्याकडे काय होते?

राज्य सरकारचे विश्व मराठी संमेलन मुंबई, नवी मुंबई, पुण्यात झाले. परदेशातला मराठी माणूस तिथे येतो, पण तिवसा किंवा मोर्शी तालुक्यापर्यंत त्याला कोण आणणार?

वऱ्हाडात नवा महोत्सव काढायची गरजच नाही. रुक्मिणीचे माहेर मानल्या जाणाऱ्या कौंडण्यपुरात दिवाळीनंतर कार्तिकात यात्रा भरते. रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे तीर्थ. तिथे पंजाबातूनही अनुयायी येतात. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा जमाव एकदम स्तब्ध उभा राहतो. बाहेरून आलेला माणूस हे दृश्य विसरणार नाही.

मग अडते कुठे?

तारखेत. मोझरीची मौन श्रद्धांजली आश्विन वद्य पंचमीला असते, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या साधारण 10 दिवस आधी. दिवाळीला येणारा माणूस पोहोचतो, तोवर ती होऊन गेलेली असते. सुटी आठवडाभर अलीकडे घेतली तर दोन्ही साधते, पण तसे त्याला कुणी कळवत नाही. तिथी पंचांगात आधीच ठरलेली असते. पत्रिका मात्र अगदी तोंडावर व्हॉट्सॲपवर फिरते.

येण्याची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. मुंबई-हावडा मार्गावरचे बडनेरा जंक्शन आहेच. शिवाय जवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. मुक्कामाचा प्रश्न गावोगावी कायम आहे. लहान लेकरे आणि म्हातारे आई-वडील सोबत असलेल्या कुटुंबाला स्वच्छ खोली आणि शौचालय लागते.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. त्या हिशेबाने मोझरीसाठी तिकीट काढायचे, तर आमंत्रण पोळ्याच्या आधीच पोहोचायला हवे.