मुदत संपलेल्या गाण्यांचे मोल

सुफ्यान स्टीव्हन्स हे अमेरिकी गायक-संगीतकार. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयावाचून काम करणाऱ्या, ‘इंडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलावंतांपैकी एक. २००१च्या डिसेंबरात त्यांनी नाताळची काही गाणी ध्वनिमुद्रित करून आप्तमित्रांना भेट दिली. २००४चा अपवाद वगळता २००६पर्यंत हा परिपाठ चालला आणि त्या वर्षी या भेटी ‘साँग्ज फॉर ख्रिसमस’ या नावाने एकत्र प्रसिद्ध झाल्या. २०१२मध्ये ‘सिल्व्हर अँड गोल्ड’ हा दुसरा संच निघाला. दोन्ही मिळून दहा भाग आणि शंभर गाणी. संगीताचा मी जाणकार नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी आणि निवृत्त प्रशासक या नात्याने मला या शंभर गाण्यांत एक सार्वजनिक प्रश्न दिसतो. जुन्या गाण्यांवर मालकी कोणाची, आणि किती काळ?

या संचांतील अनेक गाणी चर्चमधील पारंपरिक स्तोत्रे आहेत. ‘जॉय टू द वर्ल्ड’चे शब्द आयझॅक वॉट्स यांनी १७१९मध्ये प्रसिद्ध केले. ‘सायलेंट नाइट’ १८१८मध्ये ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावी प्रथम गायले गेले. शब्द तरुण धर्मगुरू योझेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांची. स्टीव्हन्स यांनी अशी स्तोत्रे बँजो, गिटार आणि हलक्या आवाजात, घरगुती वाटावीत अशी गायली. त्यांच्या शेजारी स्वतःची गाणीही ठेवली. त्यांतील एकात घरातील नाताळ भांडणात बुडतो आणि संतापलेले वडील भेटवस्तू शेगडीत फेकतात. आनंदाच्या स्तोत्राशेजारी असे गाणे आले, की सणाची दुसरी बाजूही उघडी पडते. परंपरेचा आधार असल्यामुळेच नव्या गाण्याला हे धाडस करता येते.

वॉट्स वा मोर यांच्या शब्दांसाठी स्टीव्हन्स यांना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. दुसऱ्या संचातील ‘डू यू हिअर व्हॉट आय हिअर?’ची गोष्ट वेगळी. ते १९६२चे, क्युबातील क्षेपणास्त्र संकटाच्या छायेत लिहिलेले. त्यावर स्वामित्वहक्क आहे. मात्र एकदा अधिकृतपणे ध्वनिमुद्रित झालेले गाणे ठरावीक दराने मानधन देऊन पुन्हा गाण्याची मुभा अमेरिकी कायदा देतो, आणि हे मानधन प्रत्यक्ष प्रतींच्या संख्येवर ठरते. थोड्या प्रती काढणाऱ्याला थोडेच द्यावे लागते.

पहिल्या संचासोबत शब्द आणि स्वरमेळ छापलेली पुस्तिकाही होती, म्हणजे श्रोत्यांनी स्वतः गावे ही अपेक्षा. २००७मध्ये स्टीव्हन्स यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. श्रोत्यांकडून नाताळची गाणी मागवली आणि विजेत्याला बक्षीस म्हणून आपल्या एका नव्या गाण्याचे हक्कच दिले. विजेता ठरला ब्रुकलिनमधील एक नाट्यदिग्दर्शक. त्याने ते गाणे बाजारात न आणता लोकांना बोलावून ऐकवले. ते प्रसिद्ध झाले २०१८मध्ये. मालकी म्हणजे खुले करण्याची, तशीच रोखून धरण्याचीही सत्ता. गाणे रोखणारा सहृदय असला तरी ते इतरांना बंदच राहते.

आपल्याकडे १९५७च्या कायद्याने रचनाकाराच्या हयातीनंतर ५० वर्षे संरक्षण दिले होते. रवींद्रनाथ ठाकूर १९४१मध्ये निवर्तले, म्हणजे त्यांच्या कृती १९९१अखेर खुल्या व्हायच्या. तेव्हा विश्वभारतीचे हक्क टिकावेत या भावनेतून मुदत ६० वर्षे करण्यात आली, आणि ती एका कवीपुरती न राहता देशातील सर्व रचनाकारांना लागू झाली. रवींद्रसंगीताच्या ध्वनिमुद्रणाला विश्वभारतीच्या संगीत मंडळाची संमती लागे. २००१अखेर हे बंधन संपले आणि नव्या वाद्यमेळांत, नव्या ढंगांत ही गाणी येऊ लागली. काहींना ती रुचली नाहीत. पण मूळ स्वरलिपीला त्याने धक्का लागला नाही. एका थोर नावासाठी केलेला नियम साऱ्यांवर दीर्घकाळ बसतो, हा धडा धोरणकर्त्यांनी विसरू नये.

आज अडचण वेगळ्याच कलमात आहे. २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१ क नुसार दुसऱ्याचे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे, तर पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते आणि प्रतिवर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरावे लागते. शंभर मित्रांसाठी प्रती काढणाऱ्यालाही हाच हिशेब. विशिष्ट भाषेसाठी वा बोलीसाठी ही मर्यादा कमी करता येईल, अशी तरतूद त्याच कलमात आहे. हक्कधारकाशी थेट करार करण्याची वाटही मोकळी आहे. पण मोठ्या कंपनीसमोर एकट्या गायकाची सौद्याची ताकद ती किती? गीतकार-संगीतकारांना न्याय द्यावा हा २०१२च्या दुरुस्तीचा हेतू रास्तच होता. मानधन प्रत्यक्ष प्रतींवर ठरवले तर त्या हेतूला बाध येत नाही.

दुसरे काम याहून सोपे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९मध्ये निवर्तले. अभंग-भजनाच्या वळणाची त्यांची ख्रिस्ती गीते केव्हाच खुली झाली आहेत. खासी आणि मिझो चर्चमधील जुनी स्तोत्रे, संतांची पदे, त्यागराजांच्या कृती हाही असाच सामाईक ठेवा. ध्वनिमुद्रणांवरील हक्कही प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. तरीही कोणती रचना आणि कोणती तबकडी खुली झाली, हे सामान्य कलावंताला सहज कळत नाही. अशी यादी सरकारने दरवर्षी १ जानेवारीला जाहीर करावी. गायरानाची नोंद ठेवली नाही तर त्यावर अतिक्रमण होते, हे महसूल खात्यात काम केलेला प्रत्येकजण जाणतो. गाण्यांच्या गायरानालाही सातबारा हवा.