वर्दीवरची तलवार कुणाची, कधी आणि कशी? वरातीत तलवार नाचवणाऱ्यांनी आधी हे वाचा

फर्दापूर (ता. सोयगाव) : २६ जानेवारीला दिल्लीची परेड मोबाईलवर बघताना एक गोष्ट लगेच नजरेत भरते. तुकडीतल्या जवानांच्या खांद्याला रायफल असते, पण सगळ्यात पुढं चालणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात उघडी तलवार असते. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांचं संचलन होतं, तिथंही परेड कमांडरच्या हातात तलवार दिसते.

आता लढाई बंदुकीनं होते, तोफेनं होते. मग तलवार कशासाठी? आणि फौजेतल्या साहेबानं ती धरली तर मान, गावातल्या पोरानं तिनं वाढदिवसाचा केक कापला तर गुन्हा, असं का? हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्या भागातली कितीतरी पोरं रोज पहाटे भरतीसाठी पळतात.

तलवार कुणाकडे असते?

फौजेत तलवार ही हुकूम देणाऱ्याची खूण आहे. म्हणून ती तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याकडे असते, रांगेतल्या प्रत्येकाकडे नसते. बाई की माणूस, हा फरक तिथं नाही. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली. तिथं सर्वांगीण कामगिरीत पहिला येणाऱ्या कॅडेटला ‘स्वॉर्ड ऑफ ऑनर’, म्हणजे मानाची तलवार देतात. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत हा मान २०१० मध्ये दिव्या अजित कुमार यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढं २०१५ च्या प्रजासत्ताक दिनी लष्कराच्या महिला तुकडीचं नेतृत्वही त्यांनीच केलं.

तलवारीचा हा मान खांद्यावरच्या चिन्हातही दिसतो. लष्करातल्या मेजर जनरलच्या आणि पोलीस खात्यातल्या महानिरीक्षकाच्या खांद्यावर तलवार आणि बॅटन एकमेकांवर तिरपी असतात.

लावायची कशी?

रोजच्या कामाच्या वर्दीवर तलवार लावत नाहीत. परेड, मानवंदना, मोठा सरकारी समारंभ अशा वेळी जी खास वर्दी असते, पदकं लावलेली, तिच्यावरच तलवार येते.

तलवार डाव्या बाजूला, पट्ट्याला अडकवलेल्या म्यानात असते. कारण सरळ आहे. उजव्या हातानं उपसायची तर म्यान डावीकडंच पाहिजे. चालताना म्यान पायात येऊ नये, लोंबकळत वाजू नये म्हणून डाव्या हातानं सांभाळतात. मुठीला गोंड्याचा पट्टा असतो. तो पूर्वी कामाचा होता, घोड्यावर असताना मूठ हातातून निसटली तरी तलवार खाली पडू नये म्हणून. आज तो शोभेला राहिला आहे. समारंभाच्या तलवारीला साधारणपणे धारही लावलेली नसते.

म्यानातून कधी काढायची?

मनात आलं म्हणून तलवार उपसता येत नाही. तिची कवायत वेगळी शिकवतात. हिंदी कवायतीत तिला ‘किर्च’ म्हणतात. ‘निकाल किर्च’ म्हटलं की काढायची, ‘वापस किर्च’ म्हटलं की म्यानात घालायची. मधल्या वेळेत ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात. फिरवायची नाही, कुणाकडं रोखायची नाही, टेकू म्हणून वापरायची नाही.

सलामीचे दोन टप्पे असतात. आधी मूठ तोंडासमोर आणतात, पातं सरळ आभाळाकडं. मग हात उजवीकडं खाली आणतात आणि टोक जमिनीकडं झुकवतात. टोक खाली गेलं म्हणजे समोरच्याचा मान राखला, हत्यार त्याच्यावर उगारलेलं नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. संचलनात ‘दहिने देख’ झाल्यावर जवान मान वळवतात आणि कमांडर तलवार झुकवतो, ती हीच सलामी. तलवार म्यानात असेल तर मात्र नेहमीसारखा उजव्या हातानं सॅल्यूट.

मेसमध्ये जेवायला बसताना तलवार बाहेर काढून ठेवायची, ही फौजांमधली जुनी रीत आहे. अधिकाऱ्याच्या लग्नात सोबतचे अधिकारी वर्दीत दोन रांगा करून तलवारींची कमान धरतात आणि नवरा-नवरी तिच्याखालून जातात. ती कमानही शिस्तीत, हुकमावर. अधिकारी गेला तर अंत्ययात्रेत तिरंग्यावर त्याची टोपी आणि तलवार ठेवण्याची पद्धत आहे. आनंद असो की दुःख, तलवार मनमानी चालत नाही.

मग गावात काय?

आपल्याकडं दसऱ्याला शस्त्रपूजन होतं, नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. श्रद्धा आपल्या जागी आहे. अडचण सुरू होते डीजेपुढं तलवार नाचवली की, तिनं केक कापला की आणि त्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकला की.

शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या नियमांत तलवार, खंजीर, भाला यांची नावं घेऊन नोंद आहे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेले सुरेही त्यात येतात. शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना यातून सूट आहे, म्हणून शेतात विळा-कोयता घेऊन जाणाऱ्याला भ्यायचं कारण नाही. पण तोच कोयता चौकात कुणाला दाखवला तर ते अवजार राहत नाही. शिखांना कृपाण धारण करण्याचा हक्क संविधानाच्या कलम २५ नं दिला आहे, ती बाब वेगळी.

तलवारीच्या प्रकरणात पोलीस साधारणपणे शस्त्र अधिनियमाची कलमं ४ आणि २५ लावतात. सण-निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो, तो मोडला तर कलम १३५ लागतं. सभेत भेट मिळालेली तलवार उंचावली म्हणून पुढाऱ्यांवरसुद्धा गुन्हे नोंदले गेले आहेत. ‘ऑनलाइन मिळते म्हणजे चालते’ असंही समजू नका. २०१८ मध्ये ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी आपल्याच जिल्ह्यात, औरंगाबादेत पकडल्या होत्या.

भरतीच्या पोरांनी हे लक्षात ठेवा

सैन्य असो, पोलीस असो, निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. पोलीस ठाण्यात नाव असेल तर मैदान मारलेलं, लेखी निघालेलं असूनही गाडी तिथंच अडकू शकते. दोन मिनिटांचा व्हिडिओ दोन वर्षांची मेहनत घालवतो. स्टेटस चोवीस तासांत जातं, गुन्ह्याची नोंद जात नाही.

घरात वाडवडिलांची जुनी तलवार असेल तर ती रस्त्यावर आणू नका. ती ठेवता येते का, कशी ठेवायची, हे जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन आधीच विचारून घ्या. गावात निवृत्त जवानाचा सत्कार असेल तर शाल, श्रीफळ, फेटा पुरतो. केक कापायला सुरी आहेच.

तलवार हातात घ्यायची खरीच हौस असेल तर वाट मोकळी आहे. बारावीनंतर एनडीएची परीक्षा देता येते, आता मुलींनाही. पुण्याजवळ खडकवासल्याला त्या प्रबोधिनीचं मैदान आहे. तिथून पुढं अधिकारी होऊन तलवार हातात आली, तर ती बघायला अख्खं गाव टीव्हीपुढं बसेल.