विश्लेषण : पुस्तक अभ्यासक्रमातून काढले, की विद्यार्थी काय गमावतात?

एखादे पुस्तक अभ्यासक्रमातून वगळले, की ‘बाजारात मिळतेच की, हवे त्याने वाचावे’ असे सांगितले जाते. ते बहुतेक वेळा खरेही असते. मग विद्यार्थ्यांचे नुकसान होते ते कोणते?

मुंबई, दिल्लीत काय घडले?
रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी १९९१ मध्ये बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. १९७१ च्या मुंबईतील पारशी कुटुंबाची ही कथा मुंबई विद्यापीठात बीए इंग्रजीला शिकवली जात होती. शिवसेनेबद्दल पात्रांच्या तोंडी आलेल्या टीकेवर पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने २०१० मध्ये आक्षेप घेतला. प्रती जाळण्यात आल्या. कुलगुरूंनी विशेष अधिकार वापरून कादंबरी मागे घेतली.

दिल्ली विद्यापीठाने २०११ मध्ये ए. के. रामानुजन यांचा रामकथेच्या विविध परंपरांवरील निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून वगळला. चार तज्ज्ञांच्या समितीतील तिघे तो ठेवण्याच्या बाजूने होते.

सरकारी बंदीपेक्षा हे वेगळे कसे?
पुस्तक जप्त करायचे असेल, तर राज्य सरकारला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ नुसार कारणे नमूद करून अधिसूचना काढावी लागते. त्याविरोधात उच्च न्यायालयात दाद मागता येते. अभ्यासक्रमातून पुस्तक वगळायला मात्र एक परिपत्रकही पुरते. विद्यार्थ्यांना त्यामागचे कारण कळतेच असे नाही.

विचार करण्यावर परिणाम काय?
पात्राचे मत म्हणजे लेखकाचे मत का, हा साहित्याच्या वर्गातला मूलभूत प्रश्न. मिस्त्रींच्या कादंबरीबाबतचा वाद नेमका याच प्रश्नाभोवती होता. घरी एकट्याने वाचताना तो मनात येईलच असे नाही. वर्गात मात्र शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी वेगळा अर्थ लावतो आणि आपले म्हणणे उताऱ्याच्या आधारे पटवून द्यावे लागते. पुस्तक गेले, की ही संधी दोघांचीही जाते. ते आवडणाऱ्याची आणि त्याचा राग येणाऱ्याचीही.

सर्जनशीलतेशी संबंध काय?
महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी कथा लिहिणारा विद्यार्थी हे सगळे पाहत असतो. आपल्या पात्राच्या तोंडी कटू वाक्य घालताना त्याचा हात आखडतो. ‘उगाच वाद नको’ म्हणून प्राध्यापकही पुढच्या वेळी बिनधोक पुस्तक सुचवतात. अशा न सुचवलेल्या पुस्तकांची आणि न लिहिलेल्या कथांची नोंद कुठेच होत नाही.

मग आक्षेप घ्यायचेच नाहीत का?
जरूर घ्यावेत. सहावीतल्या मुलाला आणि पदवीच्या विद्यार्थ्याला एकच निकष लावता येत नाही. अभ्यासक्रमही ठरावीक वर्षांनी बदलतो, त्यात काही पुस्तके जाणारच. मुद्दा निर्णय कोण आणि कसा घेते, हा आहे. आक्षेप लेखी असावा, अभ्यास मंडळाने पुस्तक पूर्ण वाचून निर्णय घ्यावा आणि कारणे जाहीर करावीत, इतके तरी व्हायला हवे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चिकित्सक विचारांवर भर देते. हा विचार शिकवायचा, तर आक्षेप असलेला उतारा वर्गात वाचून त्यावर दोन्ही बाजूंनी चर्चा घेणे, हा त्यासाठी चांगला तास ठरू शकतो. पण त्या तासाला पुस्तक हातात असावे लागते.