सासूबाईंचे भिंग
सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात ‘कण्णिन पोरे’, म्हणजे आपला मोतीबिंदू. शेजारी म्हणाले, लेसरनेच करा. पण नेहमीच्या फेको शस्त्रक्रियेत मोतीबिंदू फोडतात तो ध्वनिलहरींनी. लेसर फार तर छेद देते, भिंग आधी चिरून ठेवते. बिल मात्र वाढते, नजरेत मोठा फरक पडतोच असे नाही.

खरा प्रश्न नव्या भिंगाचा. मल्टिफोकलने चष्मा बराच सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. डोळ्याचा पडदा बिघडलेला असल्यास डॉक्टर ते सहसा टाळतात. सासूबाईंना जुना मधुमेह, पडद्यावर त्याच्या खुणा. म्हणून मोनोफोकल घेतले. लांबचे स्वच्छ दिसते. तांदूळ निवडताना चष्मा लागतो, त्याची कुरकुर रोज ऐकतो, कन्नडमधून!