आवाजावर आवाजाचाच उतारा

ताईचा डोंबिवलीहून फोन आला तो तक्रारीचाच. बावीस हजारांचे इअरबड्स घेतले, आजूबाजूचा आवाज गायब होईल असं दुकानात सांगितलं होतं, आणि लोकलची घरघर तर तशीच ऐकू येतेय. "परत करू का रे?" रविवारी मी गेलो. तिने बड्स कानात घातले. डोक्यावर पंखा गरगरत होता. डाव्या कानाला तो बंद झाल्यासारखा वाटत होता, उजव्या कानाला चालूच. मी उजव्या बडचं रबर काढलं, डबीसोबत आलेल्या पाकिटातलं एक माप मोठं रबर चढवलं. ताईने कानाची पाळी जरा वर ओढली, बड आत सरकवून थोडा फिरवला, आणि थांबली. मग मान वर करून पंख्याकडे बघत राहिली. तो फिरतच होता.

बडमध्ये काहीच बिघाड नव्हता. आपल्या दोन्ही कानांच्या नळ्या एका मापाच्या असतीलच असं नाही, एवढीच गोष्ट होती. आणि ती समजली नाही म्हणून लोक महागडे बड्स नावं ठेवून परत करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुळात हे यंत्र करतं काय? आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. बाहेरून येणाऱ्या लाटेत दाब चढत असेल त्या क्षणी आपण उतरणारा दाब सोडला, तर दोन्ही मिळून हवा जागच्या जागी राहते आणि कानाच्या पडद्याला हलायला कारणच उरत नाही. ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. पण उलटी लाट वेळेवर तयार करील असं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हतं. पुढे १९७८ मध्ये एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस झुरिकहून बॉस्टनला विमानाने निघाले होते. विमानात मिळालेले हेडफोन त्यांनी लावले, तर इंजिनाच्या घरघरीत संगीत पार बुडून गेलेलं. त्यांनी त्याच प्रवासात कागदावर आकडेमोड सुरू केली. त्या आकडेमोडीतून वैमानिकांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं, आणि सामान्य प्रवाशाच्या हातात हेडफोन पडायला २००० साल.

हे तंत्र बोसांना हेडफोनसाठी विमानात सुचलं, इंजिनाच्या घरघरीवर सुचलं, हे खरेदी करताना विसरू नये. ते आजही घरघरीवरच सर्वांत चांगलं चालतं. का, ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होतं.

समजा, उलटी लाट सोडायला बडला एका सेकंदाचा दहा हजारावा भाग एवढाच उशीर झाला. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची एक लाट पूर्ण व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणजे चूक लाटेच्या शंभराव्या हिश्शाची. अशा वेळी मूळ आवाजाच्या दाबापैकी जेमतेम सोळावा भाग शिल्लक राहतो. आता तोच उशीर १,००० हर्ट्झला लावून पाहा. लाट दहापट आखूड, चूक लाटेच्या दहाव्या हिश्शाची, आणि शिल्लक राहतो ६० टक्क्यांहून थोडा जास्त दाब. ३,००० हर्ट्झला तर लाटेचा जवळजवळ तिसरा हिस्सा हुकतो. तिथे दोन लाटा एकमेकींना खोडण्याऐवजी एकमेकींत मिळतात आणि आवाज मूळच्या दीडपटीहून मोठा होतो! म्हणून बड बनवणारे या वरच्या पट्टीत उलटी लाट मुद्दाम सोडतच नाहीत. तिथलं काम असतं कानात बसलेल्या रबराचं. ते बूच म्हणून वरच्या पट्टीचा आवाज अडवतं.

त्यामुळे पंखा, एसी, बसचं इंजिन, लोकलच्या चाकांची धडधड हे सगळं बऱ्यापैकी विरतं. कुकरची शिट्टी, मागच्या रिक्षाचा भोंगा, शेजारच्या टेबलावरच्या गप्पागोष्टी हे दबतं, पण उरतं. खोक्यावर '५० डेसिबलपर्यंत' असं ठळक छापलेलं असतं. त्यातला 'पर्यंत' हा शब्द लहान असला तरी तोच महत्त्वाचा. तो आकडा बहुधा सर्वांत अनुकूल पट्टीतला असतो. सगळ्या आवाजावर तेवढी घट मिळेल, असं त्याचं म्हणणं नसतं.

आता रबराकडे परत येऊ, कारण माझ्या मते निम्मी निवड तिथेच होते. रबर आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी सगळ्यांत आधी खर्ज निसटतो. तोच खर्ज ज्याच्यावर ही उलटी लाट चालायची असते. फट असली की बाहेरची घरघर आत येते आणि तिला खोडायला सोडलेली लाट बाहेर जाते. दोन्हीकडून नुकसान. ॲपमध्ये फिटिंगची चाचणी असते ती जरूर करावी, पण माझी स्वतःची कसोटी तबल्याची आहे. ओळखीचं एखादं तबलावादन लावायचं. डग्ग्याचा घुमारा पोटात जाणवला पाहिजे. चाटीवरचा 'ना' टणटणीत येतोय आणि डग्गा मात्र पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा लागतोय, तर रबर बसलेलं नाही. दुसरी कसोटी आणखी सोपी: गाणं बंद करून लांब 'ई' म्हणायचं. कान नीट बंद झाला असेल तर आपलाच आवाज कवटीत घुमतो. हाडांतून कानाच्या नळीत आलेल्या आवाजाला बाहेर पडायला वाट राहत नाही, म्हणून. सिलिकॉनचं एकही माप बसेना, तर फोमच्या टोप्या वेगळ्या विकत मिळतात. चिमटीत दाबून कानात घातल्या की त्या हळूहळू फुगून कानाचा आकार घेतात. त्या लवकर झिजतात, पण वरच्या पट्टीचा आवाज छान अडवतात.

चांगल्या बडमध्ये एक माइक बाहेर असतो, येणाऱ्या आवाजाची आगाऊ खबर घ्यायला, आणि एक आत, कानापाशी काय उरलं ते तपासायला. आतल्या माइकच्या जाळीवर कानातला मळ बसला की तपासणीच चुकते. वर्षभरात "आधीसारखा आवाज कापत नाही" असं वाटू लागलं, तर आधी कोरड्या मऊ ब्रशने जाळी साफ करून पाहावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आयफोन असेल तर एलडॅक या ब्लूटूथ कोडेकसाठी जादा पैसे मोजू नयेत, तो तिथे चालत नाही. आयपीएक्स-४ म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी सोसेल एवढंच. जुलैच्या पावसात बुडवून काढायची ती परवानगी नाही, आणि डबीला ते संरक्षण असेलच असंही नाही. बडमधली बॅटरी इवलीशी, लिथियमची. ती झिजणारच, आणि बहुतेक बड्स उघडून ती बदलता येत नाही. म्हणून बिल करण्याआधी विचारावं: एक बड हरवला किंवा त्याची बॅटरी संपली, तर एकटा मिळतो का, कितीला?

आणि ज्यासाठी मी हे पैसे योग्य मानतो ते कारण. गोंगाटात आपण गाण्याचा आवाज गोंगाटाच्या वर नेतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. दर ३ डेसिबलला ही मुभा निम्मी होते, ९० डेसिबलला ती चार तासांवर येते. रोज दोन-अडीच तास लोकलमध्ये काढणाऱ्याचा तो कोटा दोन दिवसांत संपला. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. घरघर कापली गेली की गाणं हळू आवाजातही पुरतं. पण म्हणून हे बड्स घालून ढोल-ताशा पथकात उभं राहू नये. तेवढ्या आवाजासाठी ते बनवलेले नाहीत. तिथे साधे, श्रवणरक्षणासाठीचे फोमचे बोळेच हवेत. आणि रूळ किंवा रस्ता ओलांडताना बड्स सरळ काढावेत.

बुधवारी ताईचा पुन्हा फोन आला. पूर्वी फोनचा आवाज वरच्या टोकाला नेऊन ठेवावा लागे, आता निम्म्याच्याही खाली पुरतो म्हणाली. "गाडीची घरघर गेली रे. पण समोरच्या बाकावरचा भिशीचा हिशेब अजून ऐकू येतो, शब्द न् शब्द." मग मी तिला फोमच्या टोप्यांचं माप विचारलं.